अंगावरचं

काकूला शेवटची आंघोळ घालताना पायातली जोडवी निघेनात. पाय सुजले होते आणि जुन्या घडणीची ती जाड चांदीची जोडवी बोटांत पार रुतून बसली होती. साबणाचा फेस लावून झाला, खोबरेल लावून झालं, बोटाला दोरा घट्ट गुंडाळून सरकवून बघा असं कुणीतरी सुचवलं, तेही झालं. पंचवटीतल्या घराची ती मागची खोली, वैशाखाचा उकाडा, पंखा बंद केलेला, कोऱ्या हिरव्या साडीच्या खळीचा आणि ओल्या हळदीचा एकमेकांत मिसळलेला वास. थोरल्या चुलतबहिणीने मांडीवर रुमाल पसरला होता. त्यात पाटल्या, कुड्या आणि मंगळसूत्राच्या वाट्या एकेक करून जमा होत होत्या. काका बाहेर ओसरीवर बसले होते, काकू सवाष्ण जात होती, म्हणून काळे मणी गळ्यात तसेच ठेवले होते, हातात हिरवा चुडा भरला होता. जोडव्यांवर मात्र सगळं अडलं. कोपऱ्यावरच्या सोनाराकडून कातर मागवायची का, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली आत्या म्हणाली, "राहू द्या गं. तिच्या अंगावरचं आहे ते." आणि सगळ्यांचे हात थांबले.

पाटल्याही तिच्या अंगावरच्याच होत्या. मला आठवतं तेव्हापासून त्या तिच्या हातात होत्या. पोळ्या लाटताना त्यांचा पोळपाटावर होणारा आवाज हा त्या घराचाच आवाज होता. त्या सहज निघाल्या म्हणून रुमालात गेल्या आणि जोडवी निघेनात म्हणून राहिली, की सोनं मागे ठेवायचं आणि चांदी जाऊ द्यायची असा हिशेब न बोलताच झाला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही ते मनातून जाईना. इथे कुणाला दोष द्यायचा नाही. सोनं घरातच फिरतं, तशीच आपली रीत आहे. आज त्या पाटल्या थोरल्या सुनेच्या हातात आहेत आणि त्या तिथे असाव्यात हे काकूनेच कधीचं सांगून ठेवलं होतं. शिवाय सोन्याचा एक बारीक मणी तिच्या जिभेवर तुळशीच्या पानासोबत ठेवलाच होता. म्हणजे सोनं तिच्याबरोबर गेलंही आणि मागे राहिलंही. पण कुठली वस्तू माणसाची आणि कुठली घराची, हे त्या तासाभरात कोण ठरवतं आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न मला तिथून थेट नेवाशाला घेऊन गेला.

नेवाशाला प्रवरेच्या काठावर जे उत्खनन झालं, त्यात ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे दगडाच्या हत्यारांसोबत तांबंही वापरात होतं त्या काळातल्या, एका लहान मुलाच्या गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ सापडली होती. आता, तांबं म्हणजे त्या लोकांना काय होतं ते बघा. आपल्या या काळ्या दगडाच्या मुलखात तांब्याची खाण नाही. ते लांबून यायचं, थोडंच यायचं. कापण्या-खरवडण्याची रोजची कामं ही माणसं गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या बारीक पात्यांनी करायची, कारण त्यासाठी धातू वापरणं परवडणारं नव्हतं. मोडलेलं तांबं पुन्हा वितळवता येतं, त्याचा गळ होतो, सुई होते, बांगडी होते. एवढी मोलाची वस्तू एका लेकराच्या गळ्यात राहू दिली आणि वर माती लोटली. कुणाला ती काढून घेता आली नसती असं नाही. मुलाची मान ती केवढीशी, आणि माळ म्हणजे काही रुतलेली जोडवी नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मण्यांतला दोरा शिल्लक राहिला. आपल्या मातीत दोरा वर्षभरही टिकत नाही. पण तांब्याला ओल लागली की त्याचे क्षार सुटतात, ते लगतच्या तंतूंत मुरतात आणि जिवाणूंना तिथे फिरकू देत नाहीत. मण्याच्या भोकात अडकलेला एवढासा धागा त्यामुळे तीन हजारांहून जास्त वर्षं राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तो कापसाचा होता आणि त्यात रेशमाचे तंतू होते. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला असेच तांब्याचे मणी मिळाले, तिथला दोरा जवसाच्या झाडाच्या तंतूंचा होता. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर याहूनही कितीतरी जुन्या दफनातल्या तांब्याच्या मण्यात कापसाचे धागे मिळाले आहेत. भारतीय उपखंडातल्या कापसाचा इतका जुना पुरावा असा एका मेलेल्या माणसाच्या दागिन्यातून हाती आला. हे वाचताना कापसाचा इतिहास म्हणून मला त्याचं अप्रूप वाटतंच. पण त्याहून जास्त वाटतं ते हे की, तो धागा कुणीतरी कातला होता, पीळ दिला होता, टोक ओठांत ओलं करून मण्यातून ओवलं होतं.

आणि मानेमागे गाठ मारली होती.

आमच्या नाशकातही हा काळ पायाखाली आहे. गोदावरीच्या काठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा अगदी खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातली खापरं आणि दगडाची बारीक पाती मिळाली. त्याच हंगामात त्यांनी संगमनेरजवळच्या जोर्व्याला खणलं आणि तिथल्या लाल, काळ्या रंगाने चितारलेल्या भांड्यांवरून त्या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडलं. साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० हा तिचा काळ. गढीवरून खाली नदीकडे उतरताना मी मुलांना हे सांगते तेव्हा ती आधी पायाखालच्या मातीकडे बघतात, मग समोरच्या प्लास्टिकच्या पिशव्यांकडे, आणि विचारतात, "मग ती माणसं कुठे गेली?" प्रश्न बरोबर आहे. जोर्वे लोकांची मेलेली माणसं कुठेच गेली नाहीत. ती घरातच राहिली.

लहान मूल गेलं की घराच्या जमिनीतच खड्डा घ्यायचे. दोन रुंद तोंडाची राखाडी मडकी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत मूल. वर पुन्हा जमीन चोपून, सारवून, त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत निजणं. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगावला दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक मुलांची. अशी मडकी मी काचेच्या पलीकडून निरखून पाहिली आहेत. जेवणाखाण्याची त्यांची भांडी चाकावरची, पातळ, खणखणीत, ठोकली तर धातूसारखी वाजणारी, त्यांवर काळ्या रेघांची नेटकी नक्षी. ही मुलांची मडकी मात्र हाताने केलेली, जाड, नक्षी नसलेली. पोटाचा फुगवटा एका बाजूला किंचित बसलेला, गळ्याखाली बोटांनी माती दाबून पुढे नेल्याचे ठसे. काचेला नाक लावून उभी होते तेव्हा त्या ठशांवर माझंच बोट बसेल असं वाटत होतं. मुलासोबत एखादा वाडगा, एखादं तोटीचं छोटं भांडं. आपल्याकडे तान्ह्याला दूध पाजायचं बोंडलं असतं तशी तोटी. ज्या मुलाला अजून वाडग्यातलं खाता येत नव्हतं त्याच्याही जवळ वाडगा. ते मूल पुढे मोठं होणार आहे असं धरून चालल्यासारखा.

माझी आजी निफाड तालुक्यातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पितरांची घागर भरली जायची. नवी मातीची घागर, गार पाणी, वर खरबूज, आंब्याचा रस, पुरणाचा नैवेद्य. आपल्याकडच्या कुठल्याही घरात असतं तसंच. पण आजी त्या घागरीच्या आडोशाला आणखी एक बोळकं भरून ठेवायची. त्याला कुणी नाव घेत नसे. पुढे आईकडून कळलं की माझ्या वडिलांच्या आधीचा एक मुलगा दात यायच्या आधीच गेला होता आणि परसातल्या लिंबाखाली पुरला होता. आपल्यात मोठ्यांना अग्नी देतात आणि अशा बाळाला मातीत ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आजीकडे त्या बाळाचा फोटो नव्हता, पत्रिका नव्हती, बारसंही झालं होतं की नाही कोण जाणे. तिला देता येण्यासारखं होतं ते बाळाच्या मापाचं एक भांडं. तिने इनामगावचं नावही कधी ऐकलं नसेल.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे मला फार हळवं होता येत नाही. त्याच जोर्वे लोकांनी मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडली. डोकं उत्तरेला, शरीर सरळ निजवलेलं, जवळ अन्नपाण्याची भांडी, आणि पावलं नाहीत. नेवाशाला, इनामगावला, दायमाबादला हे दिसतं. मेलेल्याने भूत होऊन हिंडू नये म्हणून असं करत असावेत, असा उत्खनन करणाऱ्यांचा कयास आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. इनामगावला पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशी मात्र एक पुरुष वेगळ्याच तऱ्हेने पुरलेला मिळाला. चार पायांच्या, माणसाच्या पोटासारख्या फुगीर मातीच्या रांजणात, बसलेला, दोन्ही पावलं शाबूत. तो गावाचा प्रमुख असावा असं मानतात. तो चालत आला तरी चालणार होतं बहुधा. किंवा तो यावा असंच वाटत होतं. ज्याची भीती वाटते त्याच्याच उशाला पाण्याचं भांडं ठेवावं, ज्याच्यावर जीव आहे त्याचेच पाय तोडावेत, हे एकाच घरातले एकाच दिवशीचे हात आहेत. मला हे विसंगत वाटत नाही. घरात माणूस गेलं की पहिल्या रात्री दिव्याशी बसलेल्यांना त्याची आठवणही येत असते आणि माजघरात एकट्याने जायला नकोही वाटत असतं.

दफनातल्या वस्तूंबद्दल लिहिलेलं वाचताना एक उत्तर फार लवकर पुढे येतं: दर्जा. मणी जास्त म्हणजे माणूस मोठा, आणि लहान मुलाजवळ मणी जास्त म्हणजे मोठेपण वारशाने आलेलं, कारण त्या वयात ते स्वतः कमावता येत नाही. बल्गेरियातल्या वार्ना इथलं इ.स.पू. ४५०० च्या आसपासचं सोनं पाहिलं तर हे उत्तर नाकारणं कठीण आहे. थोड्याच कबरींत ते भरभरून आहे आणि बाकीच्यांत नाही. पण तिथेच अशाही कबरी आहेत की ज्यांत प्रेतच नाही, मातीचा मुखवटा आहे आणि त्या मुखवट्यालाही दागिने घातलेले आहेत. कान नसलेल्याला कर्णभूषणं. तिथे दर्जाचं गणित मला पुरत नाही. तिथे कुणाला तरी चेहरा हवा होता, आणि चेहरा म्हटलं की तो नटवायला हवा होता.

रशियात व्लादिमीर शहराजवळ सुंगीर म्हणून ठिकाण आहे. सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, तिथे दोन मुलं एकाच लांबट अरुंद खड्ड्यात डोक्याला डोकं लावून निजवली गेली. एक साधारण दहाचं, एक बाराच्या आसपासचं. अंगावर मॅमथच्या सुळ्यातून घडवलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मणी, सरळ केलेल्या सुळ्यांचे लांबलचक भाले, कोल्ह्याचे दात, वर गेरू. कितीतरी वर्षं ते मुलगा आणि मुलगी आहेत असं मानलं जात होतं, २०१७ साली डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा दोघंही मुलगेच निघाले, आणि सख्खे भाऊही नव्हते. त्यांतल्या एकाच्या मांडीची हाडं आखूड आणि वाकलेली होती. त्याला नीट चालता येत नसणार. एक मणी घडवायला तासभर तरी लागला असेल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दहा हजार मणी म्हणजे दहा हजार तास. तेही शिकार करून जगणाऱ्या माणसांचे, त्या थंडीत. आणि मला जो तपशील सोडत नाही तो असा की, तिथेच पुरलेल्या मोठ्या माणसाच्या मण्यांपेक्षा या मुलांच्या अंगावरचे मणी आकाराने लहान आहेत. थोरांचं काढून त्यांच्यावर घातलेलं नव्हतं. कुणीतरी मुलांच्या अंगाचं माप मनात धरून सुळा कापला होता. वाकलेल्या पायांच्या पोरासाठी दहा हजारांतला त्याचा वाटा कुणी घडवला, कशासाठी घडवला, तो जिवंत असताना की गेल्यावर, यावर अभ्यासक वाद घालोत. घातलाच पाहिजे. मण्याच्या भोकाची कड दोऱ्याने झिजली असेल तर तो अंगावर वापरलेला, कड धारदार असेल तर कदाचित खास दफनासाठी केलेला, इतकं बारीक बघायची सोय आता आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की दर्जा हा शब्द लिहिण्याआधी त्या तासांजवळ थोडं थांबायला हवं.

डेन्मार्कमध्ये वेडबेक इथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची एक तरुण बाई आहे, बाळंतपणात गेली असावी. तिच्या डोक्याशी हरणाचे दात आणि शिंपल्यांचे मणी. शेजारी तिचं नवजात बाळ, ते थेट मातीवर ठेवलेलं नाही. खाली राजहंसाचा पंख अंथरला आहे. आणि त्या एवढ्याशा कमरेला गारेचं पातं. पंखाला काय म्हणायचं? दागिना नाही, हत्यार नाही, अन्न नाही. बाळाला टोचू नये म्हणून घातलेलं अंथरूण, असंच कुठलीही बाई म्हणेल.

जमिनीतून निघतं ते मेलेल्याच्या अंगावरचं. मागे राहिलेल्यांच्या अंगावरचं काय काय उतरवलं, ते कुठल्याच कबरीत सापडत नाही. हा विचार मला अलीकडे फार छळतो. आपल्याकडे नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडलं, जोडवी ओढून काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव करून हे बंद केलं आणि मग राज्यभर त्याची चर्चा झाली. कुठल्याही पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात शंखाच्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे परडीपरडीने मिळतात. बहुतेक आपोआपच फुटलेल्या असणार, कामात, भांडणात, बाळाला उचलताना. पण एखादी फोडलेली असेल तर तिचा तुकडा वेगळा दिसत नाही. काकू आधी गेली म्हणून तिच्या हातात चुडा होता. काका आधी गेले असते तर त्याच खोलीत, त्याच बायकांनी तिचे जिवंत हात धरून तो उतरवला असता का? आमच्या घरात आता नसता उतरवला, अशी माझी खात्री आहे. आजीचा उतरवला होता. तेव्हा परसात पडलेल्या काचा झाडूने लोटून उकिरड्यावर टाकल्या, त्याच परसात, त्या लिंबाच्या जवळच. उद्या तिथे कुणी खणलं तर बाळाजवळ काहीच मिळणार नाही आणि हिरव्या काचा मात्र मिळतील.

दहावा रामकुंडावर केला. वैशाखातलं पाणी घोट्याला लागेल एवढंच, सकाळीच पायऱ्या तापायला लागलेल्या. पलीकडे तळाच्या गाळात चाळणी फिरवून नाणी आणि सोन्याचा कण शोधणारी मुलं. त्या कुंडात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे, पण सोनं विरघळत नाही हे त्या मुलांना पक्कं ठाऊक. पिंड ठेवले, कावळा बराच वेळ येईना. काकूला आवडायची म्हणून सुनेने शेवंतीच्या पानाएवढी पातळ केलेली थालीपीठं ठेवली होती. मग दानं झाली. पाण्याचा तांब्या, दिवा, घोंगडी, चपलांचा जोड, छत्री. चपला नव्या, तिच्या मापाच्या. चुलतबहिणीने दुकानात जाऊन नंबर सांगून आणल्या होत्या. गुरुजींनी मंत्र म्हणून त्या बाजूला घेतल्या. जोर्व्याची माणसं पावलं तोडत होती, आम्ही पावलांसाठी चपला घेतल्या, आणि दोन्हीकडे धरून चाललेलं एकच की गेलेलं माणूस चालतं.

घरी परतताना रिक्षात मी आत्याशेजारी बसले होते. मी तिला विचारलं की त्या दिवशी जोडवी राहू द्या असं तू का म्हणालीस, काकूला पुढे लागतील म्हणून का? ती म्हणाली, "तिला काय लागणारेत? ती गेली. पण लग्नात मीच घातलेली ती. उघड्या पायांनी गेलेली मला बघवली नसती." मला ते लगेच पटलं. नेवाशाची माळ, सुंगीरचे मणी, मुखवट्याचे डूल, सगळं त्या एका वाक्यात बसल्यासारखं वाटलं, आणि बसलं तसं लगेच उसवलंही. कारण वाडगे होते, तोटीची भांडी होती, आजीचं बोळकं होतं. म्हणून पुन्हा विचारलं, "आत्या, तिला काही लागणार नाही, तर मग आता ती छत्री आणि चपला कशाला दिल्या?"

आत्याने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "अगं, ऊन केवढं आहे."